पत्राच्या पाठीमागे फलंदाज

कात्रणांच्या पेटीतल्या डांबरगोळ्या बदलताना तो वास नाकात शिरला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या घाटकोपरच्या चाळीत पोचलो. नुकताच बी.ए. झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच. नळाच्या पाण्याबद्दलचं माझं पत्र पेपरात छापून आलं होतं, खाली पूर्ण नाव.

चार बिऱ्हाडांत मिळून तो एकच पेपर. स्टेशनवरचे संपले होते. आणि माझ्या पत्राच्या बरोब्बर पाठीमागे शतकवीराचा फोटो! क्रिकेटवाल्यांचे फोटो वहीत चिकटवणारा शेजारचा बबन कात्री घेऊनच आला.

"ह्याच्यावाचून वही अपुरी राहील रे माझी."

बाबा गिरणीतले, वाचता न येणारे. ते म्हणाले, "बबन्या, तुझा हिरो उद्या परत येईल पेपरात. आमचं आडनाव आज पहिल्यांदा आलंय."

तेव्हा वाटलं, बाबा माझी बाजू घेतायत. आज वाटतं, हौस माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती.

बबनने कात्री बाबांच्या हातात दिली. पत्र अखंड निघालं, फलंदाजाचं कमरेवरचं सगळं गेलं.

"झकास," उरलेले पॅड घातलेले पाय उचलत बबन म्हणाला, "पुढचं पत्र मॅच नसेल तेव्हा लिही, यार."