डाव्या दारातला आवाज

राजरत्न पगारे अंबरनाथच्या एमआयडीसीत प्रेस शॉपचा सुपरवायझर होता. आयटीआय करून मशीनवर लागला आणि पत्र्याला आकार देणाऱ्या त्या दणादण यंत्रांच्या सोबतीनेच त्याचे केस पिकायला लागले. २००८ साली त्याने आयुष्यातली पहिली गाडी घेतली. सेकंडहँड, राखाडी, पण जपून वापरलेली. तो राहायचा त्या कॅम्प पाचच्या गल्लीत गाडी आली तेव्हा शेजारणीने चाकाखाली ठेवायला म्हणून चार लिंबं आणून दिली. राजरत्नची बायको संध्या असलं काही मानणारी नव्हती. तिने शेजारणीला बसवलं आणि त्या लिंबांचं सरबत करून सगळ्यांना पाजलं.

गाडीच्या आधीच्या मालकाचा भाऊ आखातात होता. त्याने तिकडून एक स्क्रीनवाला प्लेअर पाठवलेला, तो गाडीतच राहिला होता. त्यावर सीडी लागायची, रेडिओ लागायचा, आणि नकाशाचं कार्ड घातलं की एक बाई इंग्रजीत रस्ता सांगायची. राजरत्नला ती बाई हवीच होती. कंपनीने नुकतंच त्याला सुटे भाग बनवणाऱ्या बाहेरच्या कारखान्यांवर देखरेखीला पाठवायला सुरुवात केली होती. तळोजा, रबाळे, महापे. तिथल्या गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि विचारायला रस्त्यावर माणूस सापडत नाही.

त्याला सीडी प्लेअरही हवा होता, आणि त्याचं कारण होतं त्याचे वडील. अण्णा, म्हणजे सुदाम पगारे, तरुणपणी एका गायन पार्टीत गायचे. एप्रिल महिना लागला की त्यांना घरी जेवायलाही सवड नसे, एवढ्या जयंत्यांची बोलावणी असत. कुठल्याशा कार्यक्रमात कुणी तरी त्यांचं गाणं टेप केलं होतं. ती कॅसेट राजरत्नने जपून ठेवली होती. गाडी घेतल्यावर त्याने कॅम्पातल्या एका दुकानातून तिची सीडी करून आणली. आवाज थोडा खरखरायचा, पण अण्णांचा पहाडी सूर आणि मागची ढोलकी स्वच्छ ऐकू यायची. राजरत्न गाडी चालवताना दुसरं काही लावतच नसे.

पहिल्यांदा तो चुकला तळोज्याला. डावीकडे वळायचं होतं, तो सरळ गेला. स्क्रीनवरचा बाण उलटा फिरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बाई बोलली कशी नाही? त्याने बटण फिरवून आवाज वाढवला. बाई गप्पच, अण्णांचं गाणं मात्र दुप्पट मोठ्याने सुरू झालं. पुढच्या वळणालाही तेच. गाण्याखाली काहीतरी पुटपुटल्यासारखं त्याला वाटलं, एवढंच. प्लेअर जुना झालाय, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

पण मग एका रविवारी तो आणि संध्या बेलापूरला एका साखरपुड्याला निघाले. गाणं चालू होतं. एका चौकात संध्या म्हणाली, ‘अहो, लेफ्ट म्हणाली ना ती.’ तो म्हणाला, कधी म्हणाली? संध्या हसली. दोनदा म्हणाली, आत्ता आणि मघाशी. पुढेही तसंच झालं. संध्याला बाईचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. राजरत्नला गाणं तेवढं ऐकू येत होतं.

त्या दिवशी साखरपुड्याच्या जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं.

कारण त्याने हे आधी पाहिलं होतं. अण्णा फोर्जिंगच्या कारखान्यात घणावर होते. त्या काळी कानात घालायला कुणी काही देत नसे, फार तर कापसाचा बोळा. पन्नाशीच्या आसपास त्यांचे कान जायला लागले. आधी बायकांचा आवाज गेला. राजरत्नची आई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि अण्णा पेपर वाचत बसायचे. आई म्हणायची, तुम्ही मुद्दाम करता. मग झांज ऐकू येईनाशी झाली आणि गाताना ताल सुटायला लागला. एकट्यादुकट्याशी ते नीट बोलायचे, पण चार माणसांत किंवा पंखा चालू असला की त्यांना काही उमजत नसे. पार्टीतल्या लोकांनी त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त एका वर्षी बोलावणं आलं नाही. त्यानंतर अण्णा गायले नाहीत. आता ते राजरत्नकडेच राहत आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं ओळखत.

पुरुषांचं गाणं ऐकू येतं, बाईचं बोलणं येत नाही. राजरत्नला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. एकदा गाणं बंद करून त्याने गाडी चालवली, तर बाईचा आवाज आला. त्याने उलट जास्तच धसका घेतला. अण्णांचंही अगदी असंच होतं. शांततेत ऐकू यायचं, गोंगाटात नाही.

त्याने कुणाला सांगितलं नाही. प्रेस शॉपमध्ये त्यालाही सुरुवातीची बरीच वर्षं कानात घालायचे प्लग मिळाले नव्हते, आणि मिळाल्यावरही तो कधी घालायचा, कधी खिशातच ठेवायचा. कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी करायला डॉक्टरांची गाडी यायची. त्या वर्षी ती आली त्या दिवशी राजरत्नने रबाळ्याला काम काढलं. तपासणीत काही निघालं तर शॉप फ्लोअरवरून हलवतील, स्टोअरमध्ये बसवतील, याची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. घरातली माणसं आपल्याशी ओरडून बोलायला लागतील, आणि मग हळूहळू बोलायचीच कमी होतील.

घरात तो स्वतःची परीक्षा घेत राहायचा. बाहेरच्या खोलीत बसून कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजायचा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून संध्याच्या फोनवरून रिंग द्यायचा. कधी सगळं ऐकू यायचं, कधी यायचं नाही, आणि ज्या दिवशी यायचं नाही तो दिवस वाईट जायचा. संध्याने काही विचारलं आणि एखादा शब्द निसटला, की तो वैतागून म्हणायचा, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती, पण असं तो कधी बोलला नव्हता. संध्या त्यानंतर गरजेपुरतंच बोलायला लागली. गाडीतली सीडीही त्याने काढून कप्प्यात टाकली. संध्याने विचारलं तर म्हणाला, कंटाळा आला.

संध्या मात्र त्याच सुमारास मोटार ट्रेनिंगला जाऊन गाडी शिकली होती आणि तिला लायसन मिळालं होतं. अण्णांची बहीण गंगूआत्या बदलापूरला शिरगावात नव्या इमारतीत राहायला गेली आणि तिने रविवारी बुद्धवंदनेला सगळ्यांना बोलावलं. तेव्हा संध्या म्हणाली की आज गाडी मी चालवणार. राजरत्नने किल्ली दिली. तो डाव्या सीटवर बसला, अण्णा मागे.

अंबरनाथ पार होईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. संध्याचे हात स्टिअरिंगवर ताठ होते. ती म्हणाली, काहीतरी लावा, शांततेत मला जास्त भीती वाटते. कप्प्यात एकच सीडी होती. ती लावायला राजरत्नला जिवावर आलं, पण त्याने लावली. गंगूआत्याची इमारत कुणी पाहिलेली नव्हती, म्हणून बाईलाही शिरगावचा रस्ता विचारून ठेवला.

अण्णांचं गाणं सुरू झालं. संध्याचे खांदे जरा सैल पडले. कात्रप मागे पडलं आणि राजरत्नच्या गुडघ्याशी, दारातून, बाई अगदी ठणठणीत आवाजात म्हणाली की पुढे डावीकडे वळा.

संध्या सरळ गेली.

‘अगं, वळायचं होतं,’ राजरत्न म्हणाला.

‘कुणी सांगितलं?’

‘ती बोलली ना.’

‘ती कुठे बोलली? मी कान देऊन बसलेय, अहो. एक शब्द नाही आला.’

राजरत्नने तिला गाडी कडेला घ्यायला सांगितली. तिला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून तिने घाबरूनच घेतली. तो म्हणाला, तू इकडे ये, मी तिकडे बसतो. जागा बदलून त्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा त्याच वळणाकडे आणली. या वेळी राजरत्नला फक्त गाणं ऐकू आलं आणि संध्या म्हणाली, आत्ता बोलली. त्याने विचारलं, कुठून बोलली? तिने आपल्या बाजूच्या दाराकडे बोट दाखवलं. राजरत्न वाकून तिच्या पलीकडच्या स्पीकरपर्यंत कान नेऊ लागला, तेव्हा ती म्हणाली की आधी गाडी थांबवा, नाहीतर गटारात जाऊ.

गाडी थांबवून दोघांनी नीट ऐकलं. बाई एकट्या डाव्या दारातून बोलायची. ती बोलायला लागली की डाव्या स्पीकरमधलं गाणं खाली जायचं. उजव्या दारातलं गाणं मात्र तसंच चालू राहायचं, आणि जो उजवीकडे बसेल त्याच्या कानात तेच भरायचं.

राजरत्नने गाणं बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले. संध्याला कळेना तो हसतोय की रडतोय. थोड्या वेळाने त्याने तिला सगळं सांगितलं. तळोजा, कुकरच्या शिट्ट्या, चुकवलेली तपासणी, सगळं. संध्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मला वाटलं तुमचं माझ्यावरून मन उडालं. मी आईकडेसुद्धा बोलले नाही.’

राजरत्नने तिचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. रस्त्यावरून येणारेजाणारे बघत होते.

मागून अण्णांनी विचारलं की झालंय काय, गाडी बंद पडली का. राजरत्न मागे वळला. अण्णांना ओठ दिसतील असा चेहरा धरून सावकाश म्हणाला, ‘अण्णा, माझे कान चांगले आहेत.’

अण्णा म्हणाले, ‘तू शिट्ट्या मोजत बसायचास, तेव्हाच मी ओळखलं होतं. मीही असाच बसायचो. माझ्या वेळी रेडिओ होता.’

राजरत्नने विचारलं की मग बोलला का नाहीत.

‘काय बोलणार? मला कुणी विचारलेलं आवडायचं नाही. तुलाही आवडणार नाही, असं वाटलं.’ मग ते म्हणाले, ‘रोज वाटायचं, हे याच्या वाट्याला येऊ नये.’ आणि खिडकीकडे तोंड करून त्यांनी रुमालाने नाक पुसलं.

गंगूआत्याकडे पोचायला उशीर झाला. वंदना आटोपून जेवणं सुरू झाली होती. आत्या रागावली, पण तिघांचे चेहरे बघून तिचा राग टिकला नाही. राजरत्न त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गाडी घेऊन कॅम्पात मुकेशच्या दुकानात गेला. मुकेश गाड्यांचे प्लेअर आणि सीटकव्हर बसवायचा. त्याने स्क्रीनवर चार ठिकाणी बोट लावलं आणि हसला. ‘साईं, ये दुबई का माल है. तिकडे ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो, म्हणून बाई तिकडे बोलते. तुमच्या शेजारच्याला रस्ता सांगते.’ त्याने ती दोन्ही बाजूंनी बोलेल असं करून दिलं. बाईचा आवाज वेगळा आणि गाण्याचा वेगळा असतो, हेही त्यानेच सांगितलं. ती बोलत असताना बटण फिरवलं तर तिचा आवाज वाढतो, ती गप्प असताना फिरवलं तर गाण्याचा. राजरत्न इतके दिवस ती गप्प झाल्यावरच बटण फिरवत होता.

मुकेश म्हणाला की बाई बोलताना गाणं पूर्ण बंद होईल असंही करता येतं. राजरत्न नको म्हणाला. गाणं मागे राहू दे, फक्त हळू. दुकानासमोरच्या रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या मारून त्यांनी दोन्ही आवाज जुळवले. बाईचा शब्द कळावा आणि त्याखाली ढोलकी चालू राहावी, असं जमल्यावर राजरत्नने मान डोलावली.

पण त्याने तेवढ्यावर सोडलं नाही. त्या आठवड्यात तो स्वतःहून कंपनीच्या डॉक्टरांकडे गेला आणि तपासणी चुकली होती ती करून घ्यायची आहे म्हणाला. काचेच्या छोट्या खोलीत कानांवर हेडफोन लावून बसताना त्याला घाम फुटला होता. बारीक शिट्टीसारखे आवाज येत होते आणि प्रत्येकाला बटण दाबायचं होतं. डॉक्टर कागद बघून म्हणाले की अगदी वरच्या आवाजात थोडी घट आहे, प्रेस शॉपमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढी असतेच. बाकी कान उत्तम आहेत. प्लग मात्र आता खिशात ठेवायचे नाहीत. राजरत्न म्हणाला, नाही ठेवणार. आणि त्याने ते पाळलं. त्याच्या पाळीत कुणाच्या कानात प्लग दिसला नाही तर तो मशीन सुरू करू देईना. पोरं कुरकुरायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

तपासणीच्या दिवशी घरी येताना त्याने वाटेत एका सिंध्याच्या गाडीवर डाळ आणि कडक पुऱ्यांचं दाल-पकवान बांधून घेतलं. संध्याला निकाल सांगितला. तिने तो कागद हातात घेऊन वाचला. त्यातलं तिला काही कळलं नाही, तरी ती वाचत राहिली. अण्णांनी तोवर पुडा सोडला होता. जेवणाची वेळ होती, पण तिघांनी बाहेरच्या खोलीत बसून पकवानच खाल्लं. खाता खाता संध्याने सांगितलं की उद्या ती एकटी गाडी घेऊन अंबरनाथच्या मंडईत जाणार आहे. राजरत्न म्हणाला, जा.