कळलावीचा रस

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. शहाद्याच्या हायस्कुलात मी शास्त्र शिकवत असे आणि दिवाळीच्या सुट्टीत तो सायकलला बांधून ब्राह्मणपुरीला घरी नेत असे. मायला तो आवडत नसे. त्याच्या एकुलत्या डोळ्याकडे बघत दारातच म्हणायची, "उना का तुन्हा काना पाव्हना?"

साठ सालानंतरची ती दिवाळी. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नाल्याच्या पाण्यातले जीव मी तिला दाखवले. एकेका पेशीचे, चपलेसारखे, आणि सगळ्या अंगावर लवलवणारे बारीक केस. तिने कितीतरी वेळ डोळा लावला.

"यास्ले ते अंगभर केस शेतस, भाऊ. फनी कोन करस?"

त्या सुट्टीत मला एक वेड लागलं होतं. पाण्यात किंचित स्पिरिट टाकलं की त्या जिवांचे केस गळून पडत. बरणीत ताज्या पाण्यात ठेवलं की काही तासांत पुन्हा उगवत. पण त्या पाण्यात कळलावीच्या कंदाचा रस मिसळला, तर ते टकलेच राहत. रस धुऊन काढला की वाचलेले पुन्हा केसाळ होत. असं का, ते तेव्हा कळलं नव्हतं. पेशीच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो, बाहेरचा केस तसल्याच नळ्यांवर उभा राहतो आणि कळलावीतलं विष त्या नळ्या जुळूच देत नाही, हे फार पुढे वाचलं. आपल्याही बहुतेक पेशींवर असा एकेक न हलणारा केस असतो म्हणे. तेव्हा मला दिसत होता तो फक्त रसाचा जोर, आणि त्याचा आनंद झाला होता.

कंद मायनेच सातपुड्याच्या पायथ्याहून आणवला होता. आमच्याकडे कळा रेंगाळल्या की तो बाईच्या कमरेला दोऱ्याने बांधत. मूल बाहेर आलं की लगेच सोडून लांब फेकत. तोंडात कुणी घालत नसे. त्यातलाच एक तुकडा मी मागून घेतला होता. उरलेल्याला दोरा गुंडाळत माय ओट्यावर बसली होती, आणि मला हसू आलं.

"बांधीसन काय व्हस, माय? गुन ते रसमा शे. मी सोता दखेल शे."

"तू मास्तर शे. तुले जास्त समजस," असं म्हणून ती दोरा गुंडाळतच राहिली.

रसात किती जीव मेले, ते मी बोललो नाही. मेलेले मला मोजण्यासारखे वाटले नव्हते.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी बहिणीला कळा सुरू झाल्या आणि थांबल्या. मी कपाशीच्या वेचणीवर शेतात होतो. घरी आलो तेव्हा सहाणेवर काहीतरी पांढरं उगाळलेलं होतं, शेजारी गुळाची वाटी. बहीण ओकत होती. मायने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बैलगाडी जुंपली. शहाद्याच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पोटातलं बाळ गेलं होतं. मुलगी होती. बहीण कितीतरी दिवस जाते की राहते अशी होती. राहिली.

कोरीटहून तिचे सासरे आले. बसले नाहीत.

"पोर तुमना भरोसावर धाडेल व्हती. तिले इख कोनी दिधं?"

"मी दिधं," माय म्हणाली.

मी खांबाला टेकून उभा होतो. सासऱ्यांनी माझ्याकडे वळून जरा नरमाईनं म्हटलं, "मास्तर, तुम्हीन घर राहता ते असं व्हतं नै."

मी होय म्हणून मान हलवली. तेवढंच केलं मी.

मग बहिणीचे केस गेले. फणीला झुबकेच्या झुबके येत. पदर कपाळापर्यंत ओढून ती भिंतीकडे तोंड करून बसे.

"भाऊ, येतीन का?"

"येतीन."

एवढी एकच गोष्ट मी खात्रीने सांगू शकत होतो. बरणीत पाहिली होती. केस आले, पहिल्यापेक्षा दाट आले. सासरच्यांनी तिला नेलंही. मूल मात्र पुन्हा राहिलं नाही. आणि मायला गावात कुणी बाळंतिणीच्या खोलीत घेईना. बारशाचं बोलावणं आलं तरी ती दारातूनच नारळ देऊन परते. सूक्ष्मदर्शक मी त्यानंतर घरी आणला नाही. तो का येत नाही, हे मायने विचारलं नाही.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर मी बहिणीला सगळं सांगितलं. ओट्यावर काय बोललो ते, आणि मान हलवली तेही. ती तबकातली सुपारी इकडून तिकडे सारत होती.

"मी आयकेल व्हतं," ती म्हणाली. "दारमांगे निजेल व्हतू. माय ते ना पाडे. रसनं नाव बी काढू दे ना. मीच तिना मांगे लागनू. भाऊनी दखेल शे, म्हनं."

"मंग तवय काब बोलनी नै?"

"तू बोलना का?"

तिने सुपारी सारायची थांबवली.

"लोकेस्नं बोलनं माय आपला दोन्हीस्ना वाटानं आयकी गयी," ती म्हणाली. केस आता पांढरे झालेत तिचे, पण अजून दाट आहेत. तिने पदर कपाळापर्यंत ओढला आणि तबक उचलून आत गेली.