वाडीचा विस्तव

अंबरनाथ पूर्वेला आता कुणालाही गाव विचारा, सातारा, जळगाव, रत्नागिरी, नाहीतर थेट उत्तर प्रदेश असं उत्तर येतं. आम्हाला विचारलं तर आम्ही पायाखालची जमीन दाखवतो. आगरी माणसाला या गोष्टीचा तोरा असतोच, आणि मी तर मानाच्या घरात दिलेली सून. गावची होळी आमच्या घरचा माणूस पेटवतो, आणि तीही काडेपेटीने नाही.

त्यामागची गोष्ट सासऱ्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्याला सांगितली होती. आमची माणसं मूळची खाडीकाठची, मिठागरात राबणारी आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवणारी. एका वर्षी भरतीने बांध फोडला आणि शेतात खारं पाणी शिरलं. भात गेला, बियाण्यापुरताच उरला. मग बायकापोरं, भांडी, बियाणं होड्यांत घालून ती कल्याणपर्यंत आली आणि तिथून वालधुनी नदीच्या काठाकाठाने चालत वर. मडक्यात जपून आणलेला विस्तव वाटेत पावसाने विझवला. पोरं कुडकुडत बसलेली असताना टेकडीवरच्या कातकरी झोपड्यांतून धूर निघताना दिसला. त्या लोकांनी विस्तव दिला. शिवाय नदी कुठवर चढते ते खाली उतरून दाखवलं आणि घरं कुठे बांधायची तेही सांगितलं.

त्यांनी सांगितलेली जागा किती पक्की होती, ते आम्ही आजही बघतो. मागे वालधुनीला पूर आला तेव्हा खालच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये गाड्या तरंगत होत्या आणि आमच्या गावठाणात पाणी पायरीलाही लागलं नव्हतं. जाहिरातीत पोहण्याचा तलाव बघून फ्लॅट घेतलेली कुटुंबं त्या दिवशी आमच्या ओटीवर चहा पीत बसली होती. मी कुणाला काही बोलले नाही, पण चहात साखर जरा जास्तच घातली.

वाडीने विस्तव दिला त्या दिवसाची आठवण म्हणून दर होळीला आमच्या घरचा माणूस मडकं घेऊन कातकरी वाडीवर जातो. तिथल्या चुलीतला निखारा राखेत ठेवून, वर गोवरीचा तुकडा टाकून घेऊन येतो. वाडीवरचं कुणीतरी त्याला आमच्या वेशीपर्यंत सोडायला येतं, नवं लुगडं आणि तांदूळ घेऊन तिथूनच परत फिरतं. तालुक्यात दारूगोळ्याचा कारखाना आला, मग एमआयडीसी आली. उल्हासनगरच्या बराकींत सिंधी कुटुंबं सगळं मागे टाकून आली आणि त्यांनी त्या ओसाड छावणीचं शहर करून दाखवलं. टेकडीवर कंपनीची भिंत उभी राहिली तशी वाडी हटत हटत बदलापूरच्या बाजूला डोंगराखाली गेली. आमची माणसं मडकं घेऊन तिथवर जाऊ लागली, पण विस्तव वाडीचाच आणला.

गेल्या शिमग्याला मात्र हे सगळं बुडायची पाळी आली. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तो काठी धरून जेमतेम अंगणापर्यंत जायचा. त्यात मंडळाच्या पोरांनी बातमी आणली की वाडीला कुलपं आहेत, सगळी माणसं वीटभट्टीवर गेलीत. दरवर्षी ती जातात, पण शिमग्याला चार दिवस घरी येतात. त्या वर्षी भट्टीच्या मालकाने एकच दिवस सुट्टी दिली होती. पोरांनी लगेच ठरवून टाकलं, कापूर लावू, काडी ओढू, नाहीतरी डीजेवाला सातलाच येणार आहे.

नवरा मंडळाच्या सभेतून उठला. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवायलाही उठेना. मला त्याचं दुखणं कळत होतं. एकदा होळी काडीने पेटली की पुढच्या वर्षी वाडीचं नाव कुणी काढणार नव्हतं. आमच्या घरचा मान जाणार होता, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण इथे कसे आलो हेच गाव विसरणार होतं. तेही त्याच्या हयातीत, त्याच्या गुडघ्यापायी. हे मला सहन होईना. मी माळ्यावरून मडकं काढलं आणि त्याला म्हटलं, जेवून घे, मी जाते.

बाहेर पडले तर रिक्षावाल्याने मडक्यात काय आणणार म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याने हात जोडले. "मावशी, सीएनजीची गाडी हाय. आपुन दोघं एकदमच वर जाऊ." शेवटी पुतण्याचा टेम्पो काढायला लावला आणि मी पाठीमागच्या उघड्या फळीवर बसले. या वयात, नऊवारी नेसून. बघणाऱ्यांनी बघून घेतलं.

बदलापूरला उल्हास नदीच्या काठी भट्ट्याच भट्ट्या. दोन ठिकाणी विचारलं तेव्हा तिसऱ्या भट्टीवर ओळखीचं माणूस भेटलं. सासऱ्यांना ज्याने आयुष्यभर विस्तव दिला त्या म्हाताऱ्याची ही मुलगी, माझ्याच वयाची. विटांच्या थप्पीला टेकून उभ्या केलेल्या झोपडीबाहेर तिची चूल धगधगत होती. मी का आले ते सांगितलं, पण मनातली शंका लपवू शकले नाही. वाडी तर बंद आहे, मग हा विस्तव वाडीचा कसा म्हणायचा?

ती हसली. "घराला कुलूप लावलं बाय, इस्तवाला नाय. निघताना मडक्यात घालून आनला. दर साली आनतो. हितं रोज राखंत झाकून ठेवते."

मी माझं मडकं पुढे केलं. पण तिने हात आखडता घेतला. मग जरा घुटमळून ती म्हणाली, "आज भट्टी बंद हाय. मी येऊ का? माज्या बापानं दिला, त्याच्या बापानं दिला. होळीत पेटलेला कुनीच नाय बघितला."

मी मडकं पुन्हा पुढे धरलं, तिने चुलीतले निखारे राखेत घालून दिले. टेम्पोत मी सरकून फळीवर तिला जागा केली.

वेशीवर मंडळाचा अध्यक्ष आडवा आला. तो नात्याने माझा दीर. म्हणाला, भट्टीवरचा विस्तव चालणार नाही, रिवाज पाळायचा तर विस्तव वाडीचाच पाहिजे. दुपारी कापूर लावायला निघालेल्या माणसाला संध्याकाळी एकदम रिवाज आठवला होता. मी टेम्पोतून उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आपली मानसं मिठागर सोडून आली, तवा आगरी ऱ्हायली का नाय? मग ही वाडी सोडून भट्टीवर गेली तर हिचा इस्तव परका कसा? वाडी कुठं होती ठाव हाय ना? तू कामाला जातो त्या कंपनीच्या गेटात."

दीर बाजूला झाला. डीजेसुद्धा बंद झाला.

नवरा काठी टेकत होळीपाशी आला होता. हातात पेंढ्याचा चूड होता. त्याने तो मडक्यात धरला, फुंकर मारली, आणि चूड पेटल्यावर होळीकडे न वळता वाडीवरच्या त्या बाईपुढे धरला. "ताई, तुमीच लावा." कुणीतरी मागून कुजबुजलं. तो वळूनही न बघता म्हणाला, माझ्या घरचा मान आहे, मी कुणालाही देईन. लग्नाच्या दिवशीही तो मला इतका देखणा दिसला नव्हता.

तिने चूड घेतला. लुगड्याचा पदर खोचला, होळीला हात जोडले आणि वाऱ्याची बाजू बघून बरोबर तिथेच लावला. ज्वाळा वर गेल्या तशा पोरांनी बोंबा ठोकल्या. ती दोन पावलं मागे सरून तोंड वर करून बघत राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती. आम्ही इथले पहिले म्हणून नव्हे. ज्यांनी आम्हाला इथे ठेवून घेतलं, त्यांच्यातली एक आमच्या होळीपुढे उभी होती म्हणून.

होळी जळून खाली बसली की आमच्या गावात बायका निखारे घरी नेतात, त्यावर सकाळचं आंघोळीचं पाणी तापवतात. आमच्या ओळीत ती येऊन उभी राहिली. निखारे होळीत ओतून रिकामं झालेलं मघाचं मडकं तिच्या हातात होतं. तिच्या पाळीला पुढच्या बाईने आपण होऊन निखारे घातले, वर राख लोटली.

मी तांदूळ आणि लुगडं घेऊन तिला सोडायला निघाले. टेम्पोत मी हात पुढे केला, मडकं थोडा वेळ माझ्याकडे दे म्हटलं. तिने नको म्हणून मान हलवली आणि ते दोन्ही हातांनी मांडीवर धरलं. भट्टी येईपर्यंत तिने ते खाली ठेवलं नाही.