दोन पायऱ्या एकदम

गल्लीत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे, ते बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायची म्हणून. आज मात्र खऱ्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला दुपारी ऑपरेशनसाठी दवाखान्यात बोलावलं होतं. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, पण बोलणं कायमचं जाईल.

आणि नवरा कोण? बसस्टँडवर उभा जन्म लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारलेला माणूस! तिनं त्याला माइकसमोर बसवून पानंच्या पानं वाचून घेतली होती. त्यावरून कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम त्याचा आवाज घडवत होता; पुढे तो जे टाइप करेल ते त्याच्याच आवाजात ऐकू आलं असतं. पण हट्टाला काय म्हणावं! "तो आवाज ऐकल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही," म्हणे.

घरचा कॉम्प्युटर म्हातारा. त्याच्या चालीनं काम उद्यावर गेलं असतं. म्हणून सकाळपासून ती प्रोसेसर ओव्हरक्लॉक करत होती, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवत होती. सगळं रीतसर चाललं होतं. पंख्यातली धूळ काढली, चिप थंड ठेवणारी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, व्होल्टेजला हातही लावला नाही. वेग एक पायरी वाढवायचा, चाचणी लावायची, तापमान बघायचं आणि ठीक असेल तरच काम पुढे सुरू करायचं.

"झालं का?" नवऱ्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"अहो, डोक्यावर उभे राहू नका! संध्याकाळ होईल असं दिसतंय."

"मग राहू दे. पुढच्या आठवड्यात जाऊ."

ती चरकली. त्याचा पुढचा आठवडा कधी उजाडत नाही, हे तिला संसारभराच्या अनुभवानं ठाऊक होतं. आणि गाठ काय त्याच्यासाठी थांबणार होती? तिनं दोन पायऱ्या एकदम वाढवल्या आणि चाचणी न लावताच काम सुरू केलं. गिऱ्हाइकांना ज्यासाठी झापायची, तेच स्वतः केलं. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय!

तापमानाचा आकडा सरसर चढला. तिचा हात कीबोर्डकडे जाईपर्यंत पडदा काळा झाला.

वाढवलेला वेग पुसला जावा म्हणून तिनं बोर्डावरचा सेल काढून पुन्हा बसवला. कॉम्प्युटर जुन्याच वेगानं सुरू झाला. मधे मधे साठवलेलं काम शाबूत होतं, पण उरलेलं आता उद्याशिवाय संपणार नव्हतं. तिचा बांध फुटला.

"नको मला तो आवाज! खड्ड्यात गेला! मला तुम्ही हवे आहात. मुकेच्या मुके चालाल मला, पण चला हो!"

तो तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "रडतेस कशाला? गळा कापणार आहेत माझा, कान नाही. शुद्धीवर आलो की ऐकव."

तिनं डोळे पुसले. रडता रडता तिला हसूच फुटलं. "एवढं साधं, आणि आधी सुचलं नाही तुम्हाला?"

"सुचलं होतं," तो म्हणाला. "भीती वाटत होती गं."

आणि स्वतःच दवाखान्यात न्यायची पिशवी उचलून तो चपला शोधायला लागला.