आबांचा अंगठा आणि न दिसणारा उजेड

आधी राग सांगते, माया मागून येईलच. चाकणच्या कंपनीनं आमच्या आबांना निवृत्त केलं तेव्हा शाल दिली, नारळ दिला आणि साहेब भाषणात म्हणाला, आता हे काम मशीन करतं. उभी हयात टूलरूममध्ये साचे हातानं घासून आरशासारखे करणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? मी तेव्हा कंत्राटी कामगारांची पत्रकं लिहायला नुकती लागले होते. त्या भाषणावरही एक लिहिलं. आबांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "शाल चांगली हाय पण."

माझी थोरली बहीण पुण्यात प्रकाशावर संशोधन करते. थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांत तिचा विषय कुणालाच कळत नव्हता. एकदा मी सरळ विचारलं, तुझ्या त्या काचेच्या धाग्यात असं आहे तरी काय?

"काच म्हणजे नुसती साल," ताई म्हणाली. "पोटात सिलिकॉन आहे, केसाहून बारीक. त्यात एका रंगाचा लेझर खूप जोरात सोडला की दुसऱ्या टोकातून आम्ही न घातलेले रंग निघतात."

"ते कुठून येतात?"

"तुझा गेटसभेचा भोंगा आठव. हळू बोललीस तर तुझाच आवाज. बोंबललीस की जो चिरका सूर निघतो तो तुझ्या गळ्यात नसतोच, भोंग्यात तयार होतो. हेही तसंच. सिलिकॉन फक्त तुझ्यापेक्षा कमी भांडतं."

"आणि दिसतात कसे हे रंग?"

"दिसत नाहीत. डोळ्याला कळत नाहीत ते."

मी खवळले. इतकी वर्षं न दिसणाऱ्या उजेडामागे? ती शांतपणे म्हणाली, त्या रंगांनी हवेतले वायू ओळखता येतात. तुझ्या पेंट शॉपमधल्या कंत्राटी कामगारांच्या नाकात काय जातं तेसुद्धा.  

मग तिची अडचण कळली. चांगला धागा एकच उरला होता, बोटभर लांब. त्याचं टोक आरशासारखं नसेल तर प्रकाश नीट आत शिरत नाही, आणि ताईनं घासलं की सिलिकॉनच्या कडेचे टवके उडत. टवका घालवायला आणखी घासायचं, म्हणजे धागा आणखी आखूड. अर्ध्या बोटाच्या खाली गेला की नवे रंग तयार व्हायला आत अंतरच उरणार नव्हतं. महिनाअखेर पैसे देणाऱ्या समितीला रंग दाखवता आले नाहीत तर काम बंद. हे ती जेवताना सांगत होती. आबांनी ताट बाजूला सारलं.

"आण हिकडं."

त्यांनी पितळेचा छोटा गट्टू केला, त्यात धागा उभा बसवून मेणानं धरला. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ओला करून अंथरला आणि गट्टू इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवू लागले.

"आबा, जोर किती द्यायचा?" ताईनं विचारलं.

"जोर कशाला? त्येच्या वजनानं घासू दे त्येला."

दोन दिवसांच्या दुपारी त्यात गेल्या. भिंगातून पाहिलं, एक टवका नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताई तोंड पाडून घरी आली. लेझर सोडताच टोक जळालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली गट्टूच्या तोंडावर, धाग्याच्या टोकाभोवती, गोल गोल रेघा दिसल्या. बोटाचा ठसा.

टूलरूमचा माणूस काम संपलं की कडेवरून अंगठा फिरवतोच. डोळा फसतो, अंगठा फसत नाही. एवढंसं कुसळ राहिलं तरी लागतं. आबांनी सवयीनं तेच केलं होतं, आणि अंगठ्याचं तेल लेझरनं जाळलं.

मी ताईवर ओरडले, आधी सांगायला काय झालं होतं?

"ते अंगठा फिरवतील हे मला काय माहीत?"

"तिच्यावर कशाला वराडती?" आबा म्हणाले. "अंगठा माझा हाय न्हवं." मग त्यांनी गट्टू हातात घेतला. विचारलं, "किती उरलाय?"

"जळालेलं सोडलं तर अर्ध्या बोटाहून जरासा जास्त. एकदाच घासता येईल."

सकाळी आबा कामाला बसले तेव्हा उजवा अंगठा चिकटपट्टीनं तळव्याला बांधलेला होता. "न्हाईतर ऱ्हावत न्हाई," म्हणाले. चार बोटांत गट्टू धरून त्यांनी टोक घासलं. मी थेंबथेंब पाणी सोडत होते. काम संपत आलं तसा पट्टीखाली अंगठा दोनदा हललेला मी पाहिला.

शनिवारी ताईच्या सरांनी आम्हालाही प्रयोगशाळेत येऊ दिलं. आम्हाला जाड चष्मे दिले. संगणकाच्या पडद्यावर सुईसारखी एक उभी रेघ होती, म्हणजे लेझरचा एकटा रंग. ताई लेझरचा जोर हळूहळू वाढवत गेली. सुई जाड झाली, मग तिला दोन्ही बाजूंनी खांदे फुटले, आणि बघता बघता तिचा पसरट डोंगर झाला. ताईचा हात बटणावर तसाच राहिला.

सर पुढे वाकले. "टोक कुणी घासलं हे?"

"माझ्या वडिलांनी."

साहेबाच्या त्या भाषणाचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. ते पुढच्या पत्रकासाठी ठेवलं. टेबलावर धाग्यापाशी तर काहीच दिसत नव्हतं.

"उजेड कुठाय?" आबांनी विचारलं.

"हाच, आबा. रेघेची ही सगळी रुंदी म्हणजे नवे रंग. आधी नव्हती ती."

आबा पडद्याजवळ गेले आणि डोंगराच्या उतारावरून सावकाश अंगठा फिरवला.

"कुसळ न्हाई," म्हणाले.

पडद्यावर ठसा उमटला. ताईनं तो पुसला नाही.