फोटोत नसलेल्या काट्या

भिंगारहून निघालो तेव्हा पाठीवरच्या पिशवीत पंक्चरचं सामान, दोन केळी आणि पुठ्ठ्यात गुंडाळलेला एक फोटो होता. हा फोटो मी तीन वर्षांपूर्वी "पुढच्या रविवारी आणून देतो" असं सांगून काढला होता. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे रविवार मोकळे असतात असा लोकांचा समज असतो. माझाही होता. पण कधी परीक्षा, कधी लग्न, कधी नुसता आळस, असं करत तीन वर्षं गेली. यंदा आमच्या सायकल ग्रुपने त्याच वाटेवर मोठी राइड ठरवली आणि "सर, तुमचीच वाट आहे, एकदा बघून या" म्हणून मला पिटाळलं. म्हटलं, चला, फोटोही देऊन होईल. फोटोतली मावशी खूश होईल, असा माझा हिशेब होता.

माझी सायकल ग्रॅव्हल जातीची, म्हणजे जाड टायरची, मुरमाच्या आणि गाडीवाटांच्या कामाची. डांबरावर ती जड चालते आणि माती लागली की शहाण्यासारखी वागते. पौषातली थंडी होती, हँडल धरून बोटं बधिर झालेली. पाथर्डी रस्त्याला लागलो आणि पहिला चढ चांदबिबी महालाचा. डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत नगरकराला लांबून दिसली की घर जवळ आल्यासारखं वाटतं. खरं तर तो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही. निजामशाहीतल्या सलाबतखानाची ती कबर आहे. वर चहा विकत बसलेल्या माणसाला मी मास्तरकी दाखवत म्हटलं, "लोकांना खरं नाव तरी सांगत जा." तो गाळणी आपटत म्हणाला, "सर, शंभर जनांनी म्हनलं की त्येच खरं हुतं." मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

करंजी घाट उतरताना ट्रकच्या धुराने घसा धरला. खाली गावात गरम भजी खाल्ली. तेल कालचं होतं, पण मिरची आजची होती. तिथून डांबर सोडलं आणि वृद्धेश्वराच्या बाजूला वळलो. गर्भगिरीच्या या कुशीत नगर जिल्हा दुष्काळी आहे हे पटत नाही. सीताफळीची रानं, मध्येच फिकट सालीची सलई, गुडघाभर वाळलेलं गवत, आणि टायरखाली मुरमाचा करकर आवाज. वृद्धेश्वराच्या देवळापाशी थंड पाणी प्यालो, बाटली भरली. दगडी पायऱ्यांवर दोन मोर भिक्षुकासारखे उभे होते. इथवरचा प्रवास कुणालाही सांगावा असाच झाला.

पुढे तिसगावच्या अंगाला डोंगराखाली एक वाडी आहे. पंधरा-वीस घरं आणि एक छोटं दगडी चर्च. इथली माणसं त्याला देऊळच म्हणतात. पणज्याच्या पिढीत ख्रिस्ती झालेली, शेतीतच राहिलेली ही घरं. मार्थामावशी त्यातलीच, एकटी, दीड एकराची मालकीण.

तीन वर्षांपूर्वी मी इथेच वाट चुकलो होतो. तिच्या बांधाला एक खिंड, म्हणजे माणूस जाईल एवढी फट, होती आणि त्या खिंडीत बोरीच्या काट्या टाकून वाट बंद केलेली. मी घामाने निथळत उभा. तिने काठीने काट्या उचलल्या आणि म्हणाली, "जावा की हितनं. वळसा कशाला घालताय?" वर बसवून हुळा (शेतातच भाजलेला ओला हरभरा) खायला घातला. मग मी फोटो काढला. सायकल मधोमध, बाजूला पदर सावरून उभी मावशी, मागे पायवाट आणि डोंगर. बाजूला सारलेल्या काट्या कोपऱ्यात दिसत होत्या, त्या चित्राला बऱ्या दिसेनात. मी म्हटलं, "मावशी, त्या जरा आणखी लांब टाकता?" तिने टाकल्या. घरी येऊन मी फोटो आणि वाटेचा नकाशा फोनवरच्या सायकलवाल्यांच्या ॲपवर सगळ्यांसाठी टाकला. खाली लिहिलं, 'जुना गाडीरस्ता, कुठेही अडवणूक नाही.' 'जुना' हा शब्द शोभेला घातला होता. कौतुक खूप झालं.

आता त्या खिंडीपाशी आलो आणि जागा ओळखू येईना. खिंड गायब. तिथून जीप जाईल एवढा मुरमाचा पट्टा सरळ शेतातून वर गेलेला. बोरी तोडून कडेला ढीग लावलेले. तो पट्टा बघत पुढे सरकलो आणि मागचं टायर फुस्स झालं. बोरीचा काटा, बोटाच्या पेराएवढा. सायकल आडवी घालून काटा उपसत होतो तर मावशी विहिरीकडून आली. वाळली होती. मला ओळखलं, पण हसली नाही. पाण्याचा तांब्या दिला तेवढा.

मी ऐटीत पुठ्ठा सोडला. "उशीर झाला मावशी, पण आणला बघा."

तिने तो हातातही घेतला नाही. "बघितलाय म्या," ती म्हणाली.

"कुठं?"

"तहसीलात. फायलीत लावल्याला हाय."

मग तिने बांधावर बसून सांगितलं. वरचं माळरान शेजाऱ्याने प्लॉट पाडायला काढलं होतं. त्याला जायला रस्ता आहे, पण लांबून. त्याने अर्ज दिला की मावशीच्या शेतातून पूर्वापार वहिवाट (सततच्या वापराने मिळालेला येण्याजाण्याचा हक्क) आहे. पुरावा काय, तर माझा नकाशा, त्यावरून पुढे आलेल्या सायकलवाल्यांच्या नोंदी आणि माझा फोटो. मालकीण स्वतः रस्त्यात उभी, हसतमुख, आणि खाली माझ्याच शब्दांत 'जुना गाडीरस्ता'.

"केस अजून चालू हाय," ती म्हणाली. "तवर रस्ता खुला ठेवायचा म्हनले तहसीलातले साहेब. इहीर त्या अंगाला ऱ्हायली अन् रान ह्या अंगाला. पाईप टाकला की जीप त्याच्यावरनं जाती. आठवड्याला फुटतोय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मावशी, तुम्हीच तर जा म्हणालात."

"तुमाला म्हनले, सर. तुमी येकले हुता, दमला हुता. साऱ्या गावाला म्हनले व्हय?"

 मला स्वतःची चीड आली. म्हटलं, मी लिहून देतो. वहीचा कागद फाडला आणि सुंदर अक्षरात लिहिलं की ही वाट बंद होती, मी मालकिणीच्या परवानगीने एकदा गेलो, 'जुना गाडीरस्ता' हे शब्द माझ्या मनाचे. तिला वाचून दाखवलं.

"काट्या हुत्या ह्ये लिवलं का?"

"लिहिलं."

"मंग फोटोत का न्हाईत, आसं साहेब इचारत्याल."

मी पेन पुन्हा उचललं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली. फोटो चांगला दिसावा म्हणून मी त्या काढायला लावल्या होत्या. सही करताना लाज वाटली. आयुष्यभर पोरांना शिकवत आलो, की चित्रात काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं हे कळलं पाहिजे.

तिने कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. मी टायर भरलं. तिसगावला कसं जावं म्हणून इकडेतिकडे बघत होतो तर ती म्हणाली, "जावा की हितनं. आता रस्ता हाय." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मी सायकल उचलून आल्या बाजूने परत फिरलो आणि वाडीला पूर्ण वळसा घालून तिसगाव गाठलं. फोटो माझ्याच पिशवीत राहिला.

परतीचा घाट चढताना पाय चालत होते, डोकं नाही. संध्याकाळी भिंगारला पोचलो आणि आधी तो नकाशा आणि फोटो काढून टाकला. काही उपयोग नव्हता. कितीजणांनी तो कधीच उतरवून घेतला होता. ग्रुपला सगळं सांगितलं तर एकाने लिहिलं, 'सर, पण रस्ता आता छान झालाय ना?' मी ग्रुप सोडला. राइड झाली असं नंतर कळलं. फोटोही आले, चांगले होते.

आठ दिवसांनी मावशीचा फोन आला. वकिलांना तिने कागद दाखवला होता. "त्ये म्हनले, कागद आत्ताचा हाय अन् फोटो तवाचा. तुमी कितीबी लिवा, मानसं फोटोच खरा धरत्यात."  चहावाल्याचं बोलणं आठवलं, या वेळी हसू आलं नाही. काही बोलायचं म्हणून म्हटलं, "मावशी, माझं चुकलं."

 ती म्हणाली, "सर, त्यो फोटो द्या आनून. माजा दुसरा येकबी न्हाई."

'रविवारी आणतो' हे शब्द तोंडापर्यंत आले होते. ते गिळले आणि म्हटलं, "उद्या येतो."