चष्म्यातली खोड

आमच्या साडूंना जिच्यात खोड सापडणार नाही अशी वस्तू ब्रह्मदेवाने घडवलेलीच नाही. चुकून घडवली असलीच, तर ती बेल्ह्याच्या बैलबाजारात आणायची त्याची छाती झालेली नाही. नारायणगावापासून पार आमच्या महाळुंगे पडवळपर्यंत कुणाला बैल घ्यायचा असला की तो साडूंना मोटारसायकलवर मागे बसवून बेल्ह्याला न्यायचा. साडू बैलाचे दात बघत, खूर बघत, पाठीवरचा भोवरा बघत, त्याला चालवत, बसवत, पुन्हा उठवत, आणि शेवटी मालकाकडे अशी नजर टाकत की त्याला स्वतःच्याच दातांची काळजी वाटावी. मग म्हणत, "जनावर लई गुणाचं हाय, पर डावा कान जरा इचारात पडल्यावानी दिसतो." नेणारा रिकाम्या हाताने परत येई आणि वर ह्यांचेच आभार मानी. साडूंनी स्वतः उभ्या जन्मात एकही बैल घेतला नाही. त्यांचं लग्न जमलं तेही मुलगी पाहायला त्यांचे वडील एकटेच गेले म्हणून, असं माझी मेहुणी आजही छातीठोकपणे सांगते.

साडूंना मूलबाळ नव्हतं. मे महिना लागला की माझे दोन मुलगे आणि पुतणे नारायणगावी त्यांच्याकडे जात, आणि त्या महिन्यापुरतं ते घर भरायचं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, जत्रांमधून प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुका नव्यानेच आल्या होत्या. साडूंनी हौसेने प्रत्येक पोराला एकेक घेऊन दिली. द्राक्षबागेत लढाई ठरली. फवारणीच्या टाकीमागची जागा साडूंनी स्वतःसाठी हेरून ठेवली, मिश्यांना पीळ दिला आणि त्यांचा पहिलाच छर्रा माझ्या धाकट्याच्या भुवईवर बसला. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सगळ्या बंदुका गोळा करून लोखंडी पेटीत कुलूपबंद केल्या. "डोळ्याला नीट चष्मा घावू द्या," ते म्हणाले, "मंग मी सोता सेनापती. तवर बंदुकीला हात लावायचा न्हाई." पोरं त्या रात्री जेवली नाहीत, आणि साडूही जेवले नाहीत.

झालं! साडूंनी चष्म्याचा शोध हाती घेतला, पण त्यांना निवडीची पद्धत एकच ठाऊक. महामार्गावरच्या दुकानातला मोटारसायकलवाल्यांचा गॉगल त्यांनी आधी चालवून पाहिला, म्हणजे स्वतः डोळ्यांवर चढवून दुकानाभोवती फेऱ्या मारल्या. मग खांद्यावरचा टॉवेल पसरला, त्याखाली दुकानदाराचा हात धरला आणि बैलाच्या सौद्यासारखी त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. दुकानदार परमुलखातला. त्याने घाबरून हात सोडवून घेतला आणि साडूंना थंड पाणी पाजलं. तो गॉगल घरी आल्यावर एका लाल भोपळ्याला बांधला गेला. शेजारचे दोघे पंच म्हणून बसले. साडूंनी छर्रा मारला, काच तडकली. "नुसता रुबाब," पंचांनी निकाल दिला. औषध फवारणीचा चष्मा छर्ऱ्याला पुरून उरला, पण आतून घामाने धुरकटला आणि परीक्षा घेता घेता साडू बागेतल्या खांबाला मिठी मारून पाटात बसले. वेल्डिंगचा चष्मा मजबूत निघाला, पण त्यातून शत्रूच काय, स्वतःची बंदूकही दिसेना. कंपनीतला एक चांगला पारदर्शक चष्मा कुणीतरी आणून दिला, तर हे म्हणाले, "बाजूनं उघडा हाय. गोळी काय समोरून इचारून येती व्हय?" तो भोपळा पुढे मेहुणीने रागाने भाजीत घातला. तेव्हा पंचांनी तो छर्ऱ्यांसकट खाल्ला म्हणतात.

दर मे महिन्यात पोरं विचारत, "काका, चष्मा मिळाला का?" काका म्हणत, "मिळालाय, पर येक खोड हाय." मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, साधा चष्मा घाला आणि खेळू द्या की पोरांना!" तर माझा हात धरून म्हणाले, "पावणं, पोरं तुमची हायती. येकाचा जरी डोळा गेला, तर पुन्हा कुनी पाठवंल का माझ्याकडं?" हळूहळू थोरल्याला मिसरूड फुटलं, तो विचारायचा थांबला. पुतण्यांना क्लास लागले. मग एका मेमध्ये कुणीच गेलं नाही. साडू मात्र भोपळे लावतच होते.

थोरला पुण्यात नोकरीला लागला, आणि त्याच्या कंपनीने सगळ्यांना मौज म्हणून कुठे न्यावं? तर असल्याच बंदुकांची लढाई खेळायला! सहलीहून आल्यावर त्याने खास त्या खेळासाठीच बनवलेले दोन चष्मे काकांना धाडले. साडूंनी ते भोपळ्याला बांधले, उन्हात ठेवले, ऐन दुपारी घालून बाग पालथी घातली. छर्ऱ्याने तडकेना, घाम धरेना, बाजू बंद. जन्मात पहिल्यांदा साडूंना खोड सापडली नाही. त्यांनी सगळ्या पोरांना फोन केले. पोरं गोड बोलली, पण सुट्टी कुणालाच नव्हती.

मग मीच गेलो. साडूंनी पेटी उघडली, एक चष्मा मला दिला, एक स्वतः चढवला आणि टाकीमागे जाऊन दबा धरून बसले. मी बंदूक रोखली. स्प्रिंग गंजून गेली होती. छर्रा नळीतून घरंगळला आणि माझ्याच पायाशी पडला. मी हसलो. टाकीमागून हसू आलं नाही. जवळ गेलो, तर साडू तसेच उकिडवे बसलेले. म्हणाले, "पावणं, शेवटी निघाली बगा खोड. आतनं काच धुरकटली." माझा चष्मा तर स्वच्छ होता.

"काढा मग," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "कुनी आलं म्हंजे?"

मी त्यांच्या शेजारी टाकीमागे बसलो. आम्ही दोघे बराच वेळ बागेच्या वाटेकडे बघत होतो.